यवनाच्या दोन पोढ्या

आमचे अब्बा मार्केट यार्डाच्या भुसार विभागात तोलणार होते. चाळीस वर्षे त्यांनी दुसऱ्याचे धान्य तोलले. पोती काट्यावर चढायची आणि अब्बा खड्या आवाजात मोजायचे. पहिल्या पोत्याला ते ‘एक’ कधीच म्हणाले नाहीत. ‘बरकत’ म्हणायचे, मग ‘दोन’, मग ‘तीन’. शेजारच्या गाळ्यावरचा तोलणार पहिल्या पोत्याला ‘लाभ’ म्हणायचा. एकाची बरकत आणि दुसऱ्याचा लाभ एकाच ट्रकमधून उतरायचा, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. आम्ही तिघे भाऊ लहानपणी शाळा सुटली की डबा घेऊन यार्डात जायचो आणि बारदानाच्या ढिगावर बसून हे ऐकायचो. मोजायला आम्ही शाळेत शिकलो नाही, तिथे शिकलो. त्यामुळे पुढे कितीतरी दिवस पाढे म्हणतानाही तोंडून ‘बरकत’ निघून जायची आणि मार बसायचा.

2018च्या पावसाळ्याअखेर अब्बा गेले. चाळिसाव्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात एक जुनी टोपी, हमाल-तोलणारांच्या मोर्च्यांत छातीला लावलेले दोन बिल्ले आणि एका कापडी पिशवीत बांधलेले पैसे निघाले. पिशवीत दिवाणजीकडून लिहून घेतलेली चिठ्ठी होती: ‘पाण्यासाठी.’ एवढेच. पण आम्हाला अर्थ कळायला वेळ लागला नाही. चैत्र-वैशाखात यार्डात उभे राहून पाहिले आहे त्याला कळेल. डांबर पायाला चिकटते, मिरचीचा खकाणा घशात बसतो, पन्नास किलोचे पोते पाठीवर घेतलेला माणूस पाण्यासाठी चार गाळे ओलांडून जातो आणि तिथे नळ कोरडा असतो. अब्बांना पाणपोई करायची होती.

पैसे थोडे कमी पडत होते, ते आम्ही घालणार होतो. जागा मिळाली, रीतसर परवानगीही मिळाली. अडले ते पाटीवर.

भाईजान म्हणाले, अब्बांचे नाव दगडावर कोरून लावायचे. आयुष्यभर माणसाने दुसऱ्यांच्या नावाची पोती मोजली, त्याचे नाव कुठे तरी असू दे. धाकटा म्हणाला, अजिबात नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, अशी आपल्याकडची शिकवण. पाटी लावली की सवाब गेला आणि मिरवणे राहिले. आमच्यातला मधला दोघांचे ऐकून गप्प बसला. कारण त्याच्या कानावर तिसरीच गोष्ट आली होती. यार्डातल्याच एका ओळखीच्या माणसाने, खरोखर भले चिंतणाऱ्या माणसाने, त्याला बाजूला घेऊन सांगितले होते, “नाव नका टाकू. दिवस कसे आहेत पाहताय ना? बिननावाची असली की सगळे पाणी पितील.”

हे वाक्य घरी आले आणि पाटीचा वाद एकदम जड झाला. जो धाकटा नाव नको म्हणत होता, तोही म्हणाला, “अल्लाहसाठी नाव लपवणं वेगळं आणि लोकांच्या भीतीनं लपवणं वेगळं.” मग नाव टाकायचे का? तर त्यालाही त्याची जीभ रेटेना. तीन महिने पैसे पिशवीत राहिले. एकाच घरात आम्ही त्या विषयाला वळसा घालून बोलू लागलो.

जानेवारी 2019मध्ये जुन्नरला फुफीच्या नातवाचा वलिमा होता. आम्ही तिघे, आमच्या बायका आणि धाकट्याची कॉलेजात शिकणारी मुलगी असे सगळे गेलो. जुन्नर आम्हाला परके नाही. नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा असे शब्द यार्डात रोज कानावर पडतात. पण मालाच्या पट्टीवर गावाचे नाव वाचणे वेगळे आणि गाव पाहणे वेगळे. वलिम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने हट्ट धरला की लेण्याद्री पाहायचा. फुफीने कपाळाला हात लावला. “अरे, वो तो गनपती का डोंगर है. तुम क्या करनार वहाँ जाके?”

खरे सांगायचे तर हा प्रश्न आमच्याही मनात होता. आम्ही कधी मुद्दाम अशा ठिकाणी गेलो नव्हतो. दर्ग्यात गेलो, उरुसाला गेलो. पण दुसऱ्याच्या पवित्र जागी पाहुणा म्हणून जायचे तर कसे जायचे, चपला कुठे काढायच्या, कुठवर जायचे, कुठे थांबायचे, हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते. आणि वर कुणी नाव विचारले तर? मुलगी म्हणाली, “मग नाव सांगायचं.” तिला त्यात काही अवघड वाटत नव्हते.

जुन्नरहून कुकडी नदी ओलांडली की चार-पाच किलोमीटरवर डोंगर. पायथ्याशी केळी, पेढे, नारळ. वयस्कर माणसांसाठी डोली. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माकडे हातातली पिशवी ओढतात. भाईजानांचे गुडघे दुखत होते, म्हणून आम्ही दर वळणावर बसत बसत चढलो. डोंगराच्या काळ्या कड्यात एका ओळीने तीसएक लेणी आहेत, बहुतेक पूर्वेकडून क्रमांक लागलेली. सहाव्या क्रमांकाचे लेणे म्हणजे बौद्धांचे चैत्य. वर कमानदार छत, दोन बाजूंना खांब, खांबांच्या माथ्यावर हत्ती, सिंह, वाघ बसलेले आणि अखेरीस गोल स्तूप. सातवे लेणे म्हणजे मोठा विहार: सुमारे 17 मीटर लांब, 15 मीटर रुंद दालन आणि मध्ये एकही खांब नाही. तीन बाजूंना भिक्षूंच्या वीस खोल्या. याच विहारात आता गिरिजात्मज गणपती आहे. अष्टविनायकांपैकी लेण्यात बसलेला हा एकच. एके काळी भिक्षू जिथे राहिले, तिथे आता आरती होते. आम्ही दालनाबाहेर एका कडेला उभे राहिलो. कुणी आम्हाला नाव विचारले नाही. एका बाईने प्रसादाचा पेढा आमच्या मुलीच्या हातावर ठेवला आणि ती पुढे गेली.

चैत्याच्या दर्शनी भागावर उंच जागी काही अक्षरे कोरलेली दिसली. आम्ही माना वर करून पाहत होतो. तिथे एक निवृत्त शिक्षक दोन-तीन विद्यार्थ्यांना काही समजावून देत होते. आमचे पाहणे बघून त्यांनी आम्हालाही हाताने जवळ बोलावले. ती ब्राह्मी लिपी होती, भाषा प्राकृत. म्हणजे आपल्या मराठीची आजी-पणजी, ते म्हणाले. कल्याणच्या हेरणिकाच्या, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याच्या, सुलसदत्त नावाच्या मुलाने हे चैत्य दान दिले, असा त्याचा अर्थ. आम्ही विचारले, राजाने नाही? ते हसले. जुन्नरच्या चार बाजूंच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी कोरलेली आहेत. इतकी लेणी एका गावाभोवती देशात दुसरीकडे नाहीत, आणि दान देणारे बहुतेक बाजारातले लोक आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. व्यापारी आले, कारागीर आले, त्यांच्या मागून भिक्षू आले. त्यांच्यासाठी डोंगर कोरला तो याच लोकांच्या पैशांतून.

मग त्यांनी आमचा व्यवसाय विचारला. आम्ही म्हणालो, पुण्याच्या मार्केट यार्डात आहोत, वडील भुसार बाजारात तोलणार होते. त्यांचा चेहरा उजळला. “मग तुमच्या लोकांचा लेख इथे आहे,” ते म्हणाले. आम्हाला वाटले, थट्टा करताहेत. पण ते सांगत गेले. जुन्नरच्या लेण्यांत एक लेख आहे, त्यात दान देणारा कुणी एकटा माणूस नाही. धञिक सेणि, म्हणजे धान्याचा व्यापार करणाऱ्यांची श्रेणी. आजच्या भाषेत भुसारवाल्यांची संघटना. त्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. पोढी म्हणजे पाण्याचे टाके.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी धान्याच्या बाजारातली माणसे एकत्र बसली असतील. कुणी जास्त दिले असेल, कुणी कमी. पाटीवर काय लिहायचे यावरून त्यांच्यातही वाद झाला असेल. शेवटी कुणा एकाचे नाव न घालता सगळ्यांच्या धंद्याचे नाव घातले. आणि दिले काय? राहायला जागा आणि प्यायला पाणी.

धाकटा हळूच म्हणाला, “बघा, नाव नाही.” आपली बाजू सरस ठरल्याचे समाधान त्याच्या आवाजात होते. पण शिक्षकांचे सांगणे संपले नव्हते. “आणि यवनांचेही लेख आहेत बरं का,” ते म्हणाले.

हा शब्द ऐकला आणि आम्ही तिघेही सावध झालो. ‘यवन’ आम्हाला नवा नाही. शाळेत इतिहासाच्या तासाला हा शब्द आला की वर्गातली तोंडे आपोआप आमच्या बाकाकडे वळायची. बखरींत यवन, पोवाड्यांत यवन, भाषणांत यवन. शब्दकोशात त्याचा अर्थ काहीही असो, आमच्या कानांनी त्याचा एकच अर्थ ऐकला होता: तुम्ही. आणि तुम्ही म्हणजे बाहेरचे, मोडतोड करणारे. मास्तरांनी कधी मुद्दाम आम्हाला उद्देशून म्हटले नसेल. पण म्हणायची गरजही नव्हती.

शिक्षक सांगत होते ते असे. यवन म्हणजे मुळात योन, आयोनियाचे लोक, ग्रीक. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कुणालाही हा शब्द लावू लागले आणि इस्लामचा जन्म झाल्यावर कितीतरी शतकांनी तो मुसलमानांना चिकटला. जुन्नरच्या लेण्यांत तीन यवनांचे लेख आहेत. चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी दार दिले. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. आणि इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या.

“नाव कोरलंय?” भाईजानांनी विचारले.

“नाव कोरलंय, आणि यवन हेही कोरलंय. आधी यवन, मग नाव.”

आम्ही पायऱ्यांवर येऊन बसलो. समोर कुकडीचे खोरे, उसाचे आणि द्राक्षांचे हिरवे तुकडे, पलीकडे शिवनेरी. बराच वेळ कुणी बोलले नाही. ज्या शब्दाने आमची मान वर्गात खाली गेली होती, तो शब्द ह्या डोंगरांत दोन हजार वर्षांपासून कोरलेला होता, आणि त्याच्या पुढे लिहिले होते, पाणी दिले. त्या माणसाने आपण कोण हे लपवले नाही. त्याला कुणी म्हटलेही नसेल की बाबा, नाव नको घालूस, नाही तर भिक्षू पाणी पिणार नाहीत. त्याने लिहिले आणि लोक पाणी प्याले. आम्ही ग्रीक नाही, आणि त्या इरिलशी आमचे रक्ताचे काही नाते नाही, हे आम्हाला कळते. पण तोच शब्द आम्हाला शिवी म्हणून मिळाला असेल, तर त्या शब्दाची पुण्याईही आमच्या वाट्याला का येऊ नये?

मुलगी मोबाइलवर काही तरी शोधत होती. ती म्हणाली की पॅसिफिक महासागरात राइआतेआ नावाचे एक बेट आहे, तिथे पॉलिनेशियन लोकांचे तापुतापुआतेआ नावाचे फार जुने पवित्र स्थान आहे. 2017मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अशा जागेला ते लोक ‘मराए’ म्हणतात. वर छप्पर नाही, चार भिंती नाहीत. समुद्रकाठी दगडांची फरसबंदी आणि एका टोकाला दगडांचा उंच ओटा, एवढेच. दूरदूरच्या बेटांवरून लोक होड्यांनी तिथे यायचे. नव्या बेटावर मराए बांधायचा असला की इथला एक दगड बरोबर न्यायचे आणि तो तिथे बसवायचे. म्हणजे नवी जागा जुन्या जागेची नातेवाईक व्हायची.

भाईजान म्हणाले, “हे तर आपल्या ईदगाहसारखं झालं. वर आभाळ, खाली फरशी.” धर्माचा पंडित या तुलनेला काय म्हणेल ते तो जाणे. पण आम्हाला ती आवडली. माणसाला उघड्या आभाळाखाली चार दगड नीट मांडले तरी हात जोडावेसे किंवा उचलावेसे वाटतात, हे जगभर दिसते. आणि दगड उचलून नेता येत नसेल तर तिथली एखादी गोष्ट तरी बरोबर नेता येते.

परतताना गावाबाहेर हापूसबागेतला जुना घुमट पाहिला. हबशीबागेचे हापूसबाग झाले असे लोक सांगतात. मलिक अहमदने 1490मध्ये निजामशाहीची सुरुवात केली ती जुन्नरातून. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर वजीर झाला आणि 1607च्या सुमारास त्याने निजामशाहीचा दरबार काही काळ याच गावात आणला. पुढे त्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून खापरी नळांची नहर आणून शहराला पाणी दिले. नहरे-अंबरी. त्याच्या लढाया आज कितीजणांना आठवतात? नहरीचे नाव मात्र त्याच्याच नावाने राहिले आहे.

फुफीच्या घरी रात्री जेवताना पुन्हा तोच विषय निघाला; पण आता आवाज चढले नाहीत. फुफीने सगळे ऐकले आणि तिच्या मौलवींकडून ऐकलेली हदीस सांगितली. साद बिन उबादा यांची आई वारली, तेव्हा त्यांनी हुजूरांना विचारले, तिच्यासाठी कोणता सदका चांगला? उत्तर मिळाले, पाणी. त्यांनी विहीर खणली आणि म्हणाले, ही सादच्या आईसाठी. “माँ का नाम लियाच ना उन्होने?” फुफी म्हणाली. “अपना नहीं लिया. माँ का लिया.”

धाकटा बराच वेळ ताटातल्या भाताशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “अब्बांचं टाकू. आपलं कुणाचं नको.” आमच्यातल्या मधल्याने एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मनातले बोलून दाखवले. “पूर्ण नाव टाकायचं. इनिशियल करून नाही. वाचलं की कळलं पाहिजे कोण होते ते.”

पुण्याला आल्यावर कामाला लागलो. तोलणार आणि हमालांना कळले तसे एकेकजण दहा-वीस रुपये घेऊन येऊ लागले. आम्ही नको म्हणत होतो. एक म्हातारे हमाल रागावले. बाबा आढावांच्या सभांना आमच्या अब्बांबरोबर गेलेला हा माणूस. सत्तरच्या दशकात बाबांनी ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव पाणवठे सगळ्या जातींना खुले करण्यासाठी पायपीट केली, त्याच्या गोष्टी ते अजून सांगतात. ते म्हणाले, “पाणी कुणा एकाचं नसतंय. आमचंबी घाला.” आम्हाला धञिक सेणि आठवली. पैसे घेतले.

एप्रिलमध्ये पाणपोई सुरू झाली. वर पत्रा, खाली दोन टाक्या, तीन नळ आणि ज्यांना गार पाणी सोसत नाही त्यांच्यासाठी मातीचा एक रांजण. दगडी पाटीवर मराठीत तीन ओळी आहेत. पहिल्या ओळीत ‘बरकत’. दुसऱ्या ओळीत अब्बांचे पूर्ण नाव आणि त्यापुढे ‘तोलणार’. तिसऱ्या ओळीत ‘आणि भुसार बाजारातील हमाल-तोलणार’. ते नाव इथे लिहीत नाही. आम्ही सवाब मिरवतो असे धाकट्याला पुन्हा वाटायला नको.

पहिल्या दिवशी आम्ही तिघे समोरच्या गाळ्याच्या सावलीत उभे होतो. उघड सांगायला लाज वाटते, पण आम्ही पाहत होतो की कोण पाणी पितो आणि कोण पाटी वाचून पुढे जातो. दोघे जण पाटी वाचून पुढे गेले. ते तहानलेले नसतीलही. आम्ही मनात हिशेब ठेवला आणि मग तो सोडून दिला. कारण तेवढ्यात एक ट्रक रिकामा झाला, आणि घामाने निथळणारे दहा-बारा हमाल एकदम नळांवर आले. त्यांतल्या कुणीही पाटीकडे पाहिले नाही. ज्याने नाव नका टाकू असे सांगितले होते, तो गृहस्थही दुपारी आला. ओंजळीने पाणी प्याला, पाटीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “बरकत कशाला लिहिलंय? लाभ लिहायचं.” आम्ही म्हणालो, “तुम्ही पाणपोई काढा, तिच्यावर लाभ लिहा. आम्ही येऊ प्यायला.” तो हसला. आम्हीही हसलो. त्याचा आम्हाला राग नव्हता. तो घाबरला होता, आणि आम्हीही घाबरलोच होतो.

त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला. कडक ऊन, आमच्यातल्या रोजेदारांना दिवसभर पाण्याचा थेंब नाही. पण रोज दुपारी आमच्यापैकी एकजण जाऊन रांजण भरून येत असे. इफ्तारच्या वेळी यार्डातली गर्दी ओसरलेली असायची. खजूर तोंडात टाकून तिथल्याच नळाचे पाणी आम्ही प्यायचो. पहिला घोट घेताना अब्बा आठवायचे. आणि त्यांच्या मागोमाग, का कोण जाणे, तो इरिलही आठवायचा. तो कुठून आला, जुन्नरला काय विकायचा, त्याला किती मुले होती, काही कळत नाही. यवन होता आणि त्याने दोन पोढ्या दिल्या, एवढेच मागे राहिले आहे.

फुफीने जाताना विचारले होते, गणपतीच्या डोंगरावर जाऊन काय करणार? तिला आता सांगता येईल. तिथून आम्ही दगड आणला नाही. पाटीवर काय लिहायचे तेवढे घेऊन आलो.